आज कोणी नाही

पार्ट्रीच्या वळणावर रेडिओ खरखरतो,
डोंगर मध्ये येतो म्हणून.
मामा म्हणतो, डोंगर नाही, बिशप मध्ये येतो.
हा विनोद चौतीस वर्षं जुना आहे
आणि मी अजून हसते,
गाडीभाडं समजून.

तळ्याकडे निघालेले बाकीचे काय ऐकतात, ठाऊक आहे मला.
दाताच्या डॉक्टरांच्या गाडीत व्हायोलिन.
टूरमॅकेडीच्या जुळ्या भावांच्या व्हॅनमध्ये
मेयो हरलेली फायनल, टेप केलेली,
पुन्हा पुन्हा,
न जाणो, या वेळी तरी.
एक जर्मन येतो दर मे महिन्यात, तो काहीच लावत नाही,
फक्त इंडिकेटर बंद करायला विसरतो.

मामा गाणी लावू देत नाही.
गाणं हातात उतरतं म्हणतो,
मग दोरी तालात पडते
आणि माशाला ताल कळतो.
त्याला हवी असते सव्वानऊची मृत्यूवार्ता:
गाव, नाव, माहेरचं नाव,
फुलं फक्त घरच्यांची.
प्रत्येक नावामागे त्याची एक टीप.
'माझं जाळं नेलं होतं यानं, एकोणऐंशी साली.'
'ओल्या माशीवर विश्वास नव्हता याचा.'
'ही चांगली होती. नवरा बोटीत उभा राहायचा, मूर्ख.'

आता त्याला ऐकू येत नाही.
दोन हिवाळ्यांपूर्वी कळलं, माशी बांधताना.
टेबलाच्या कडेला छोटा शेगडा, शेगड्यात हुक,
सशाच्या कानाची लव, तित्तिराचं पीस,
फडताळावर रेडिओ समुद्राचं हवामान सांगत होता,
मॅलिन हेड, बेलमलेट, व्हॅलेंशिया,
पारा सावकाश उतरतोय.
रेशमी धागा तुटण्याआधी बारीक गातो,
तिथे थांबायचं,
हे मला त्यानंच शिकवलेलं.
त्या रात्री त्याचा धागा तुटला.
पुन्हा बांधला, पुन्हा तुटला.
पाचव्यांदा म्हणाला,
'गात नाहीये हा.'

गात होता.
मला पार चुलीपाशी ऐकू येत होता.

तेव्हापासून नावं मी सांगते,
त्याच्या उजव्या कानात, ओरडून.
मेलेल्यांची नावं ओरडायची म्हणजे कसंतरीच.
कॅसलबारच्या सिग्नलला एकदा
शेजारच्या गाडीतल्या बाईनं क्रूस केला छातीवर.

आज तिसरं नाव ऊना गॅव्हिन,
माहेरची मोरन,
शांतपणे, नर्सिंग होममध्ये.
तिच्याविषयी मला एवढंच माहीत आहे
की तिचा भाऊ गेला, त्याचं नाव आलं,
तेव्हा मामानं टीप जोडली नव्हती.
खिडकीची काच पुसत बसला होता, आतून,
पाऊस बाहेर असताना.

'काय म्हणतायत?'
'आज कोणी नाही.'
'कोणीच नाही? सोमवारी?'
'कोणी नाही, मामा.'
'मग वर कुठेतरी माशी शिंकली,' म्हणाला,
आणि टोपी नीट केली.

तळ्यावर वारा पश्चिमेचा, लाट बेताची.
पाण्यातून मे-माश्या सुटत होत्या,
ओले पंख उभे करून थोडं वाहत जायच्या, मग उडायच्या,
काही उडायच्या नाहीत.
ट्राउट माशी घेतो तेव्हा एक आवाज होतो,
चहाचा पहिला घोट गरम लागल्यासारखा.
मी सांगायची, डावीकडे. मागे. खडकाजवळ.
तो टाकायचा तिथे,
माझ्या कानांवर, स्वतःच्या हातांनी.
दोन घेतले. एक सोडला.

डबा उघडून सँडविच खाताना
पाण्याकडे बघत म्हणाला,
'पोहता येत नव्हतं तिला.
वल्ही मात्र माझ्यापेक्षा बरी मारायची.'

मी थर्मासचं झाकण फिरवत राहिले,
ते केव्हाच लागलं होतं.

'खोटं बोलायच्या आधी
तू रेडिओ बंद करतेस,' म्हणाला.
'बहिऱ्याच्या गाडीत.'

माझ्या पाठीमागे कुठेतरी
तो गरम घोटाचा आवाज झाला, मोठा, जवळच.
मी सांगितलं नाही.